अंकांची काटकसर आणि वाऱ्याचे गणित

सावलीची कडा

जयपूर येथे सवाई जयसिंह (१६८८–१७४३) यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जी वेधशाळा उभारली, तिच्यातील सम्राट यंत्र हे जगातील सर्वांत मोठ्या छायायंत्रांपैकी एक होय. त्याची उंची सुमारे २७ मीटर असून, ज्या वर्तुळखंडांवर सावली पडते त्यांची त्रिज्या सुमारे १५ मीटर आहे. एवढ्या विस्तारामुळे सावली दर सेकंदास साधारणतः एक मिलिमीटर सरकते, आणि वर्तुळखंडांवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा कोरणे कारागिरांना शक्य झाले. पितळेची लहान यंत्रे जयसिंहांना समाधान देईनात. त्यांचे भाग लहान, त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू ढळतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी दगडचुन्याची प्रचंड व अचल यंत्रे बांधविली. या कार्यात त्यांना साहाय्य करणारे पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातील होते, असे परंपरा सांगते. यूक्लिडची भूमिती व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ ही दोन्ही त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली.

परंतु या भव्य यंत्रातही एक अडचण उरतेच. सूर्य हा बिंदू नव्हे. आकाशात त्याचे बिंब सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, आणि स्वतःच्या रुंदीइतके अंतर कापण्यास त्याला दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. यामुळे पंधरा मीटर दूर पडणाऱ्या सावलीला रेखीव कडा नसते. काळोख व उजेड यांच्यामध्ये सुमारे चौदा सेंटिमीटर रुंदीचा धूसर पट्टा असतो. खुणा दोन सेकंदांच्या, आणि कडा मात्र दोन मिनिटांची! बारीक दोरा वा काडी धरून या धूसर पट्ट्यातील नेमकी जागा हेरण्याची युक्ती सराईत निरीक्षकास साधते, व मग काही सेकंदांच्या आत वेळ सांगता येते. तथापि ही यथार्थता त्या युक्तीने आणि निरीक्षकाच्या सरावाने येते, केवळ दगडावर अधिक रेघा कोरल्याने येत नाही. दोन सेकंदांच्या जागी पाव सेकंदाच्या खुणा कोरल्या असत्या, तर कारागिरांचे श्रम आठपट झाले असते. ज्ञानात मात्र कणभरही भर पडली नसती.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट करून ठेवणे इष्ट आहे. एखादी संख्या किती अंकांपर्यंत लिहिली आहे, ही तिची सूक्ष्मता. ती संख्या सत्याच्या किती जवळ आहे, ही तिची यथार्थता. सूक्ष्मता विकत घेता येते. यथार्थता कष्टाने मिळवावी लागते. लोकव्यवहारात या दोहोंची गल्लत होते तशीच ती विज्ञानातही होते. जयसिंहांना याची पुरेपूर जाणीव होती. पोर्तुगालहून आणविलेली द ला हीर यांची ग्रहकोष्टके त्यांनी प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला. कोष्टकांतील अंक कितीही बारकाईने छापलेले असोत, चंद्र त्यांचे ऐकत नाही.

हाच प्रश्न आज संगणकापुढे उभा आहे, आणि तोही चंद्राच्या नव्हे, तर वाऱ्याच्या व पाण्याच्या बाबतीत. वाहत्या हवेचे गणित करताना प्रत्येक संख्या किती अंकांनी लिहावी? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की आजवर चालत आलेली सरसकट सोळा अंकांची रीत ही पुष्कळ ठिकाणी उधळपट्टी आहे. काही थोड्या ठिकाणी मात्र ती अत्यावश्यक आहे. आणि कोणते ठिकाण कोणते हे परीक्षेने ठरविणे, हे भारतासारख्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे कर्तव्य आहे.

वाऱ्याचे गणित

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून शास्त्रात द्रायु म्हणतात. द्रायूच्या गतीची समीकरणे फ्रान्समध्ये नाव्ह्ये यांनी १८२२ मध्ये आणि इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडली. नळातील पाणी, विमानाच्या पंखावरून जाणारी हवा, अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा, या सर्वांस तीच समीकरणे लागू पडतात. ती लिहिण्यास सोपी, परंतु सोडविण्यास अतिशय कठीण आहेत. म्हणून आकाशाची काल्पनिक चौकटींत विभागणी करतात, प्रत्येक चौकटीस तापमान, दाब, आर्द्रता व वाऱ्याचा वेग यांची एकेक संख्या देतात, आणि काही मिनिटांच्या टप्प्याटप्प्याने त्या संख्या पुढे सरकवीत नेतात. संगणकाने केलेली वाऱ्याची प्रतिकृती ती हीच.

या कामाचा आवाका एका उदाहरणाने ध्यानात येईल. राजस्थानचे क्षेत्रफळ सुमारे ३ लक्ष ४२ हजार चौरस किलोमीटर आहे. बारा किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी घेतल्या तर या राज्यावर सुमारे २,४०० चौकटी बसतात. सहा किलोमीटरच्या घेतल्या तर सुमारे ९,५००. जमिनीपासून वरपर्यंत शंभर थर व प्रत्येक ठिकाणी दहा राशी धरल्या, तर सहा किलोमीटरच्या जाळ्यात एकट्या राजस्थानसाठी सुमारे ९५ लक्ष संख्या होतात, आणि गणिताच्या प्रत्येक टप्प्यावर त्या सर्व नव्याने काढाव्या लागतात. शिवाय वारा राज्याची सीमा ओळखत नाही. म्हणून हे जाळे सर्व पृथ्वीभर पसरावे लागते.

चौकट निम्मी केली की लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट आणि गणित ढासळू नये म्हणून काळाच्या टप्प्यांतही दुप्पट, असे मिळून काम आठपट वाढते. यामुळे संगणकाची शक्ती कितीही वाढली तरी ती अपुरीच पडते. अशा स्थितीत प्रत्येक संख्येवर किती जागा व किती वेळ खर्च करावा, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

संख्येची लांबी

संगणक संख्या लिहितो त्या शून्य व एक या दोनच चिन्हांनी. १९८५ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार संख्येच्या दोन मुख्य लांबी प्रचारात आल्या. ३२ चिन्हांची संख्या एकेरी म्हणून ओळखली जाते. तिच्यात सुमारे सात दशमान अंक टिकतात. ६४ चिन्हांची ती दुहेरी. तिच्यात पंधरा ते सोळा अंक टिकतात. २००८ मध्ये १६ चिन्हांच्या अर्ध्या संख्येसही या मानकात स्थान मिळाले; तिच्यात जेमतेम तीन अंक टिकतात. लांबी निम्मी झाली की स्मृतीतून आणावयाचा माल निम्मा होतो, आणि आजच्या संगणकांत प्रत्यक्ष बेरीज-गुणाकारापेक्षा हा माल इकडून तिकडे वाहून नेण्यातच अधिक वेळ व वीज खर्ची पडते.

वातावरणाची गणिते दीर्घकाळ दुहेरी संख्यांनीच होत आली. यामागे सावधपणा होता, आणि थोडीबहुत सवयही होती. कोणत्या राशीस किती अंक लागतात हे तपासण्यापेक्षा सर्वांना सोळा अंक देणे सोपे. जयपूरच्या जोहरी बाजारात रत्ने तोलण्याचा काटा असतो आणि धान्याच्या बाजारात पोती तोलण्याचा. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु रत्नांच्या काट्यावर ज्वारीची पोती तोलू लागल्यास दिवस मावळेल आणि माल मात्र पडून राहील.

लोरेन्झ यांचा धडा

सूक्ष्मतेच्या बाजूने एक प्रसंग नेहमी पुढे केला जातो. १९६१ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी आपल्या संगणकावरील हवामानाचे एक सोपे गणित मध्यापासून पुन्हा चालविले. यंत्राच्या स्मृतीत ०.५०६१२७ ही संख्या होती. कागदावर छापताना ती ०.५०६ अशी झाली होती, आणि लोरेन्झ यांनी कागदावरचीच संख्या भरली. फरक सुमारे चार हजारांत एक भाग. थोड्या काळाने दोन्ही गणितांतील हवामान परस्परांपासून पूर्णतः भिन्न झाले. या निरीक्षणातून पुढे १९६३ मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध निर्माण झाला.

यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला, की एकही अंक गाळणे धोक्याचे आहे. वास्तविक त्याचा अर्थ उलट आहे. प्रारंभीची लहानशी चूकही जर वाढत जाऊन सर्व चित्र पालटते, तर सर्वांत मोठी चूक कोणती हे आधी पाहिले पाहिजे. हवेचे तापमान सामान्यतः अंशाच्या दहाव्या भागापर्यंत मोजले जाते. वाऱ्याच्या वेगात दोन किंवा फार तर तीन अंक भरवशाचे असतात. आणि समुद्रावर व वाळवंटावर तर कित्येक चौकटींत मोजणारे साधनच नसते. तेथील संख्या उपग्रहांच्या अप्रत्यक्ष वेधांवरून व आधीच्या गणितावरून बसवाव्या लागतात. निरीक्षणाची चूक तिसऱ्या-चौथ्या अंकात असताना सोळाव्या अंकाची जपणूक करणे म्हणजे घराचे दार उघडे ठेवून खिडकीला तिसरे कुलूप लावण्यासारखे आहे.

इतिहासातही याचा पुरावा सापडतो. इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचे गणित हाताने केले आणि ते १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारांनी वाढेल, असे उत्तर आले; प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसन यांच्या हाताशी संगणक नव्हता, तरीही हा प्रमाद अंकांच्या तुटवड्याचा नव्हता. प्रारंभीच्या वाऱ्याच्या व दाबाच्या नोंदी परस्परांशी सुसंगत नव्हत्या, यात त्याचे मूळ होते. पुढे त्याच नोंदी योग्य रीतीने सम करून गणित केले असता उत्तर समंजस आले.

जयपुरात आषाढी पौर्णिमेस सूर्यास्ताच्या सुमारास ज्योतिषी मंडळी सम्राट यंत्रावर जमतात, हाती ध्वज धरून वाऱ्याची दिशा पाहतात आणि तीवरून पावसाचे भाकीत सांगतात. एका सायंकाळच्या एका दिशेवरून सर्व ऋतूचे अनुमान करता येत नाही, हे आधुनिक वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु तुटपुंज्या निरीक्षणांवर सोळा अंकांचे गणित रचून त्याच्या उत्तरास निर्विवाद मानणे, हाही त्याच जातीचा दोष होय; येथे ध्वजाच्या जागी फक्त यंत्र आलेले असते.

प्रयोगाचा निर्णय

हा वाद केवळ तर्काने सुटणारा नव्हता. तो प्रयोगाने सुटला. इंग्लंडमधील रेडिंग येथे मुख्यालय असलेले युरोपीय मध्यम-पल्ला हवामान-अंदाज केंद्र हे या क्षेत्रातील अग्रगण्य केंद्रांपैकी एक आहे. तेथील व ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्या केंद्राचे वातावरणाचे गणित दुहेरीऐवजी एकेरी संख्यांनी करून पाहिले. अंदाजाचा दर्जा घटला नाही. वेळ मात्र सुमारे ४० टक्क्यांनी वाचला. अनेक वर्षांच्या परीक्षेनंतर मे २०२१ मध्ये ही रीत नित्याच्या अंदाजांत स्वीकारण्यात आली. स्वित्झर्लंडच्या हवामानखात्याने तर २०१६ मध्येच आपल्या प्रादेशिक गणितात ती अवलंबिली होती.

वाचलेल्या शक्तीचे युरोपीय केंद्राने काय केले, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आजचा अंदाज एकाच गणितावर विसंबत नाही. प्रारंभीच्या संख्यांत निरीक्षणाच्या चुकीएवढे लहान लहान फेरफार करून तेच गणित अनेकदा करतात. उत्तरे एकमेकांजवळ आली तर भरवसा अधिक, पांगली तर कमी. या समूह-अंदाजातील उभे थर ९१ होते. अंकांच्या काटकसरीतून ते १३७ करता आले. म्हणजे निरर्थक अंक काढून टाकले आणि त्यांच्या जागी अर्थपूर्ण माहिती बसविली.

या लाभाची मर्यादाही सांगितली पाहिजे. चौकट निम्मी करण्यास काम आठपट लागते, हे वर आलेच आहे. त्यामुळे काटकसरीने गणित अगदी दुप्पट वेगवान झाले असे धरले, तरी बारा किलोमीटरची चौकट साडेनऊ किलोमीटरच्या आसपासच येईल. सहाची होणार नाही. अंक कमी करणे ही जादू नव्हे. तो एक हिशेबाचा व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणूनच त्याचे मूल्यमापन झाले पाहिजे.

काटकसर कोठे घातक

दुसऱ्या बाजूचे म्हणणे दुर्लक्षून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. वारा वाहतो तो दाबाच्या फरकामुळे. समजा, दोन गावांतील दाब अनुक्रमे ९९८.४ आणि ९९८.१ मिलिबार आहे. तीनच अंक ठेवले तर दोन्ही ठिकाणी ९९८ उरतात, फरक शून्य होतो आणि गणितातील वारा थांबतो. संगणकाच्या अर्ध्या संख्येत या आकड्यांच्या परिसरात अर्ध्या-अर्ध्या मिलिबारच्याच पायऱ्या असतात. म्हणून हे दाब ९९८.५ आणि ९९८.० असे नोंदले जातात, आणि ०.३ चा फरक ०.५ होऊन बसतो. वाऱ्यास लावणारा जोर दीडपटीहून अधिक झाला! जवळजवळ समान असलेल्या संख्यांची वजाबाकी करताना पुढचे अंक परस्परांत नाहीसे होतात आणि मागचे अंकच खरे काम करतात. ते आधीच कापलेले असतील तर हाती केवळ चूक राहते. यावरून मोजमापात तीनच अंक भरवशाचे असले तरी मधल्या गणितात त्याहून काही अधिक अंक का बाळगावे लागतात, हे कळून येईल.

दुसरा धोका हळूहळू बदलणाऱ्या राशींचा. राजस्थानच्या वाळूखाली काही मीटर खोल असलेल्या जमिनीचे तापमान विचारात घेऊ. शास्त्रीय मापाने ते सुमारे ३०० केल्विन धरावे. एकेरी संख्येत ३००च्या आसपास दोन लगतच्या संख्यांतील अंतर सुमारे ०.००००३०५ असते, याच्या निम्म्याहून, म्हणजे ०.००००१५३ हून लहान वाढ मिळविली तर ती नोंदलीच जात नाही. आता ही खोल जमीन महिन्याभरात अंशाच्या दहाव्या भागाने तापते, आणि गणिताचा टप्पा पाच मिनिटांचा आहे, असे समजा. तीस दिवसांत असे ८,६४० टप्पे होतात. प्रत्येक टप्प्यात वाढ फक्त ०.००००११६ इतकी. ती प्रत्येक वेळी पुसली जाईल. महिना लोटला, वर्ष लोटले, तरी संगणकातील जमीन तसूभरही तापणार नाही. उद्याच्या पावसाच्या अंदाजास याने बाध येणार नाही. परंतु पन्नास वर्षांच्या हवामानबदलाचे गणित मात्र त्यामुळे मुळातच खोटे ठरेल. जमिनीच्या प्रतिकृतींवर झालेल्या संशोधनात हा दोष प्रत्यक्ष दिसून आला आहे.

हा दोष शाळेतील वर्गातही पाहता येतो. विद्यार्थ्यांनी १,००० या संख्येत ०.४ मिळवावेत, येणारे उत्तर जवळच्या पूर्णांकात लिहावे, आणि ही क्रिया शंभर वेळा करावी. प्रत्येक वेळी १,०००.४ चे १,००० होते. शंभराव्या वेळीही १,०००च उरतात. खरे उत्तर १,०४० आहे. प्रत्येक टप्प्यावरची चूक अर्ध्याहून लहान, आणि शेवटची चूक चाळीस!

व्यवहारातही अशा चुका महाग पडल्या आहेत. कॅनडातील व्हँकूव्हर शेअरबाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० या संख्येपासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढताना तिसऱ्या दशांश स्थळापुढील अंक सरळ कापून टाकले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक सुमारे ५२४ पर्यंत घसरलेला दिसत होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो सुमारे १,०९८ निघाला. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा निष्फळ ठरून अठ्ठावीस अमेरिकन सैनिक प्राणांस मुकले. सेकंदाचा दहावा भाग शून्य-एकच्या लिपीत पूर्णपणे लिहिता येत नाही. त्यातील कापलेला अंश शंभर तासांच्या अखंड कामात साचत साचत सुमारे एकतृतीयांश सेकंदाएवढा झाला होता.

या उदाहरणांवरून काटकसरच नको असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. प्रत्येक ठिकाणी दोष होता तो चूक एकाच दिशेने साचू दिल्याचा. यावर उपाय आहेत, आणि ते फारसे खर्चाचेही नाहीत. जमिनीचे तापमान ३०० पासून न मोजता त्याचा ३०० पासूनचा फरक तेवढा लिहून ठेवावा. लहान संख्येजवळ एकेरी लिपीच्या पायऱ्या अत्यंत बारीक असतात. साचत जाणाऱ्या बेरजा दुहेरी संख्येत ठेवाव्यात, बाकीचे गणित एकेरीत करावे. प्रत्येक बेरजेत गळालेला अंश निराळा जपून तो पुढच्या बेरजेत मिळविण्याची एक सुंदर रीत विल्यम काहान यांनी १९६५ मध्ये दाखवून दिली. युरोपीय केंद्रानेही आपले काही मोजके भाग दुहेरीतच ठेवले आहेत. सारांश, प्रश्न एकेरी की दुहेरी असा नाही. कोणती राशी कोणत्या काट्यावर तोलावी, असा आहे.

भारतापुढील प्रश्न

भारतात हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या आवडीचा नाही. जुलै १९८१ मध्ये जयपूर शहरावर कोसळलेला पाऊस व त्यातून आलेला महापूर तेथील वृद्धांच्या स्मरणात आहे. मे २०१८ च्या प्रारंभी राजस्थान व उत्तर प्रदेशात आलेल्या धुळीच्या वादळांत शंभरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशी वादळे काही किलोमीटर विस्ताराची असतात. मोठ्या चौकटींच्या जाळ्यातून ती निसटून जातात. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्यास पेरणी आज करावी की आठवडाभर थांबावे हे ठरवावयाचे असते, आणि दुबार पेरणीचा खर्च त्याच्या वर्षाच्या मिळकतीवर घाला घालतो. त्यास नुसता पावसाचा आकडा पुरत नाही. त्या आकड्यावर किती विसंबावे, हेही कळावे लागते. आणि ते कळते समूह-अंदाजाने, म्हणजे तेच गणित पुनःपुन्हा केल्याने.

या दिशेने देशात मोठे प्रयत्न झाले आहेत. २०१८ मध्ये पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ‘प्रत्यूष’ व नोएडा येथील राष्ट्रीय केंद्रात ‘मिहिर’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच दोन संस्थांत ‘अर्क’ व ‘अरुणिका’ यांची भर पडली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या संस्थेने सिद्ध केलेली, सहा किलोमीटरच्या जाळ्याची भारत अंदाज प्रणाली राष्ट्रास अर्पण करण्यात आली. त्यापूर्वीचे जाळे बारा किलोमीटरचे होते. ही प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु महासंगणक विकत घेण्यास व चालविण्यास अपार द्रव्य व वीज लागते, आणि सहा किलोमीटरवरून तीनवर जाण्यास पुन्हा आठपट शक्ती हवी. जो देश प्रत्येक रुपयाचा हिशेब करतो त्याने प्रत्येक अंकाचाही केला पाहिजे.

आणखी एक कारण असे, की यंत्रे स्वतःच बदलत आहेत. आज नव्या गणनयंत्रांची रचना कृत्रिम बुद्धीच्या कामास अनुकूल अशी होत आहे, आणि त्या कामास लहान संख्या पुरतात. त्यामुळे एकेरी व अर्ध्या संख्यांचे गणित ही यंत्रे दुहेरीच्या कित्येक पट वेगाने करतात. जो कार्यक्रम दुहेरीवरच अडून बसेल, त्यास या यंत्रांची बहुतांश शक्ती वापरताच येणार नाही. मात्र यंत्रनिर्मात्यांच्या सोयीसाठी विज्ञानाने आपले अंक गाळावेत, हेही योग्य नाही. समुद्रसपाटीवरील हवेचा दाब पास्कल या मापात एक लक्षाहून अधिक असतो, आणि अर्ध्या संख्येत ६५,५०४ हून मोठी राशी मावतच नाही! ज्याने ही साधी गोष्ट तपासली नाही त्याचे वेगवान यंत्र वेगाने निरर्थक उत्तरे देईल.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली, वातावरण, समुद्र, नद्यांचे पूर यांच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रतिकृतीत कोणत्या राशीस किती अंक लागतात याची रीतसर परीक्षा व्हावी, आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत. या परीक्षेत दोन गणितांचे आकडे तंतोतंत जुळतात काय, हा निकष चालणार नाही; लोरेन्झ यांच्या शोधानंतर ते जुळणे अशक्यच आहे. अनेक गणितांच्या समूहाचे वर्तन प्रत्यक्ष निरीक्षणांशी किती मिळते, हाच खरा निकष. दुसरी, काटकसरीने जी शक्ती वाचेल ती समूह-अंदाज वाढविण्यावर व जाळे बारीक करण्यावर खर्च व्हावी, आणि जे द्रव्य वाचेल ते निरीक्षणाच्या साधनांवर. एखाद्या तालुक्यात नवे पर्जन्यमापक बसविल्याने जी यथार्थता येते, ती सोळाव्या अंकाने कधीही येणार नाही. तिसरी, दीर्घकाळच्या हवामानबदलाची गणिते मात्र या बाबतीत स्वतंत्र समजावीत. तेथे लहान चूक साचण्यास दशके मिळतात. म्हणून रोजच्या अंदाजात यशस्वी झालेली काटकसर तेथे परीक्षेवाचून लागू करू नये.

‘स्मृती स्वस्त होत आहे, मग जोखीम कशाला?’ असा आक्षेप अनुभवी गणितज्ञांकडूनही येतो. परंतु जोखीम दोन्ही बाजूंस आहे. अंक कमी ठेवण्यात चुकीची जोखीम आहे. अंक अधिक ठेवण्यात न केलेल्या गणितांची, न पाहिलेल्या वादळांची जोखीम आहे. पहिली डोळ्यांस दिसते म्हणून तिचे भय वाटते. दुसरी दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असे होत नाही.

शाळेतील शिकवण

या विचाराची पायाभरणी शाळेत व्हावयास हवी. सात दिवसांचे दुपारचे तापमान साध्या तापमापकावर अर्ध्या अंशापर्यंत वाचून त्याची सरासरी काढावयास सांगितली, की पुष्कळ विद्यार्थी गणनयंत्रावरचे ३१.६४२८५७ हे उत्तर जसेच्या तसे उतरवितात, आणि शिक्षकही त्यावर बरोबरची खूण करतात. वास्तविक येथे ३१.६ हेच प्रामाणिक उत्तर होय. उरलेले पाच अंक तापमापकाने सांगितलेले नाहीत. ते भागाकारातून निपजले आहेत. जे ठाऊक नाही ते लिहू नये, हा विज्ञानाचा पहिला नियम दशांश चिन्हाच्या उजवीकडेही लागू असतो. त्याचबरोबर मधले गणित करताना मात्र एक-दोन अंक जादा बाळगावेत आणि अखेरीसच पूर्णांकन करावे, हेही शिकविले पाहिजे. १,००० मध्ये ०.४ मिळविण्याचा वरील प्रयोग त्यासाठी पुरेसा आहे. त्यास कागद व पेन्सिल यांपलीकडे काहीही लागत नाही.

ज्या विद्यार्थ्यांच्या मनात हे दोन्ही नियम रुजतील, त्यांच्यापैकीच काही उद्या पुण्याच्या किंवा नोएडाच्या महासंगणकांवर काम करतील. समोरच्या संख्येतील किती अंक निरीक्षणातून आले, किती गणिताच्या सुरक्षिततेसाठी ठेवले, आणि किती केवळ सवयीने राहून गेले, हे त्यांना सांगता आले पाहिजे. त्या उत्तरावर मोसमी पावसाचा अंदाज किती लवकर, किती गावांसाठी आणि किती भरवशाने देता येईल, हे पुष्कळ अंशी अवलंबून आहे.